एकटीचा रेल्वेप्रवास : ब्रसेल्स ते फ्लॉरेन्स

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन, थोडे संक्षिप्त करून.)



मी काही वक्ती नाही. एकतीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे घसा मोठा आहे, एवढंच. आज समोर बसलेल्यांत माझे निदान आठ-दहा विद्यार्थी मला दिसताहेत. त्यांना नकाशात राईन नदी दाखवताना मी नेहमी छडी टेकवून सांगायची, "ही बघा, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते." स्वतः बघितली नव्हती. ती बघितली वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, गणपती विसर्जन झाल्यावर. एकटीने आणि रेल्वेने. कार्यकर्ते म्हणाले, "काकू, त्यावरच बोला." म्हणून उभी राहिले.

आधी हे सांगते की जायचं ठरलं कसं. आमचे हे रेल्वेत होते, बुकिंगमध्ये. त्यांना वेळापत्रकांचा नाद होता. लोक कादंबऱ्या वाचतात तसे हे वेळापत्रक वाचायचे. कुणीतरी मुंबईहून त्यांना थॉमस कुकचं युरोपच्या रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक आणून दिलं होतं. १८७३ पासून निघत आलेलं ते पुस्तक. रविवारी दुपारी जेवण झालं की हे आरामखुर्चीत बसून मला कोलोनहून म्युनिकला न्यायचे. कुठे उतरायचं, चहाला किती वेळ मिळेल, कुठली खिडकी धरायची, सगळं! "निवृत्तीनंतर जाऊ" असं ठरलं होतं. मग मुलीचं लग्न, मग माझे गुडघे, आणि मग एप्रिल २०२१ आला. त्या महिन्यात रायपुरात काय चाललं होतं ते इथे कुणाला सांगायला नको. हे हॉस्पिटलात गेले आणि मी घरात एका खोलीत बंद. पुतण्याने अस्थी राजिमला नेऊन संगमावर विसर्जित केल्या. मला फोनवर एक फोटो आला. बस, तेवढंच.

तीन वर्षांनी मी ते वेळापत्रक कपाटातून काढलं, तेव्हा त्यांच्या रविवारच्या सफरीत नसलेलं एक गाव माझ्या मनात होतं. फ्लॉरेन्स. ते मला माझ्या आजीकडून मिळालेलं.

माझं आजोळ कोल्हापूरचं. आजी सांगायची, "आपला एक राजा परमुलखात गेला, आणि तिथल्याच नदीला मिळाला." लहानपणी मला ती परीकथा वाटायची. पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं की ती अक्षरशः खरी आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराममहाराज. ताराराणींचे पती राजाराम ते वेगळे, हे त्यांच्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी आले. जन्म १८५० चा, दत्तक म्हणून १८६६ मध्ये गादीवर बसले, आणि १८७० साली, विशीत, विलायतेला निघाले. त्या काळी समुद्र ओलांडणं म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. बरोबर कॅप्टन वेस्ट नावाचे इंग्रज अधिकारी आणि आपली काही माणसं होती. इंग्लंडमध्ये राहिले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, संस्था बघितल्या, आणि रोजच्या रोज इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती वेस्टसाहेबांनी १८७२ मध्ये लंडनला छापली. नोव्हेंबरात परतीला निघाले. तेव्हा फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध जुंपलेलं, पॅरिसला वेढा पडलेला. म्हणून फ्रान्स टाळून बेल्जियम, जर्मनी आणि टायरॉलच्या डोंगरातून इटलीत उतरायचं, असा मार्ग धरला. इन्सब्रुकला प्रकृती बिघडली. कसंबसं फ्लॉरेन्सपर्यंत आणलं, आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथे ते वारले. वय वर्षं वीस.

(आपल्याकडे छत्तीसगडात भोसले म्हटलं की बिंबाजी भोसले आठवतात, रतनपूरचे. ते नागपूरकर. हे कोल्हापूरकर. शाळेत मुलं नेहमी गल्लत करायची, म्हणून सांगून ठेवते.)

तर माझ्या मनात आलं की महाराज गेले तो रोख धरून आपण जावं. ब्रसेल्स, कोलोन, म्युनिक, इन्सब्रुक, फ्लॉरेन्स. मुक्काम मी माझ्या सोयीने निवडले, नक्कल नाही केली. पण दिशा तीच.

घरात सांगितलं तेव्हा मुलगा पुण्याहून ओरडला, "आई, टूरबरोबर जा ना! महाराष्ट्रीय जेवण देतात." मी विचारलं, "ते फ्लॉरेन्सला राजाराममहाराजांच्या समाधीशी थांबतात का?" त्याने चौकशी केली. नाही थांबत. वाटेतल्या कार्यक्रमात ते बसत नाही. मग मी म्हटलं, मला जिथे जायचंय तिथेच जर ती बस थांबणार नसेल, तर त्या बसमधल्या श्रीखंडपुरीचं मी काय करू? शेजारची कमला, जी आमच्याकडे वीस वर्षं येते, तिने डोळे मोठे करून विचारलं, "अकेल्ला जाहू का दीदी?" या एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण नंतर बायका तेच विचारतात. शेंगेन व्हिसा एकच, तो या सगळ्या देशांना चालतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, माझा इटलीकडे होता. निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. रेल्वेसाठी युरेल पास घेतला, महिन्याभरात कुठलेही पाच दिवस प्रवास करायचा असा. साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सूट असते, ती हक्काने घेतली. पास मोबाइलमध्ये येतो. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नसतं, पण इटलीतल्या वेगवान गाड्यांना पासवरसुद्धा वेगळं आरक्षण घ्यावं लागतं, हे विसरू नका. खायला भाजणी, मेतकूट, चिवडा घ्या. दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, त्यामुळे सूनबाईने दिलेले पेढे मी मुंबईच्या विमानतळावर सफाई करणाऱ्या मुलींना वाटून टाकले. आणि एक सामान, एकच. जे आपल्याला उचलून गाडीच्या पायरीवर चढवता येईल, तेवढंच. तिथे हमाल नाहीत.

ब्रसेल्सला उतरले तेव्हा पाऊस होता आणि मला रडू येत होतं. खोटं कशाला बोलू? हॉटेलच्या खोलीत दोन तास नुसती बसून राहिले. मग भूक लागली म्हणून बाहेर पडले आणि एका गल्लीतून वळून एकदम ग्रांप्लासच्या चौकात आले. चारही बाजूंना सोनेरी नक्षीच्या उंच इमारती, कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघांनी बांधलेल्या. १६९५ मध्ये फ्रेंच तोफांनी हा चौक जवळजवळ सगळा भाजून काढला होता. काही वर्षांतच त्या लोकांनी तो पुन्हा उभा केला. मी कोपऱ्यात उभं राहून छत्रीखाली चिवडा खाल्ला. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. एकट्या बाईकडे कुणी बघत नाही, याचं आधी वाईट वाटलं, आणि दहा मिनिटांनी फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी. तिथली स्टेशनं आपल्यासारखीच गावाच्या पोटात असतात. विमानतळासारखं मैलोन्‌मैल जावं लागत नाही. फलाटावर ए, बी, सी अशा पाट्या असतात आणि कुठला डबा कुठल्या अक्षराशी येईल ते आधी दाखवतात. आपल्या कोच इंडिकेटरचाच प्रकार. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. पहिल्या वेळी मी दारापुढे देवळात उभी राहावी तशी उभी राहिले!

कोलोनला स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की समोर कॅथेड्रल. समोर म्हणजे अंगावरच. १२४८ मध्ये सुरू केलेलं काम १८८० मध्ये पुरं झालं. सहाशे बत्तीस वर्षं! १८७० साली इथून जाणाऱ्याला ते मनोरे अर्धवटच दिसत असणार, म्हणजे जे मी बघितलं ते महाराजांना बघायला मिळण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूचं शहर जमीनदोस्त झालं, याला बॉम्ब लागले, पण हे उभं राहिलं. मनोऱ्यावर पाचशे तेहेतीस पायऱ्या चढून जाता येतं. माझ्या गुडघ्यांनी माझ्या वतीने निर्णय घेतला. मी समोरच्या पायऱ्यांवर बसले आणि एका बाजूला दगड, एका बाजूला गाड्यांचे आवाज, अशी संध्याकाळ काढली. हे असते तर त्यांनी कॅथेड्रलकडे पाठ करून स्टेशनकडे तोंड केलं असतं, यात मला शंका नाही.

कोलोनहून म्युनिकला झटपट जाणारी गाडी आहे. ती घेऊ नका. राईनच्या काठाने कोब्लेन्झवरून माइन्झला जाणारी घ्या आणि तिथे बदला. दक्षिणेला तोंड करून बसलं की डाव्या खिडकीत नदी येते. "डावी खिडकी" असं त्या वेळापत्रकाच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, यांच्या अक्षरात. कोब्लेन्झनंतर दरी अरुंद होते, दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे उभ्या उतारावर, आणि दर वळणाला डोंगरावर एक किल्ला. आमच्या कोल्हापूरकडे पन्हाळा-विशाळगड आहेत, पण ते मुलूख राखायला. हे किल्ले बरेचसे नदीतून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला बांधलेले. नाक्यावरचे वसुलीवाले, दुसरं काय! नदीत कोळशाच्या, वाळूच्या लांबलचक नावा. बाजूच्या सीटवर एक आजोबा होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. लोरेलायचा खडक आला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला हलकेच बोट लावून बाहेर दाखवलं आणि पुन्हा पेपर वाचू लागले.

याच प्रवासात एका जंक्शनवर माझी फजिती झाली. कुठल्या ते सांगत नाही, चूक माझीच होती. तिथे काही गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्याच. घोषणा झाली ती मला समजली नाही. मी आपली मागच्या डब्यात निवांत. डबा झाडणारी एक बाई आली, तिने माझ्या मोबाइलवरचं गाव वाचलं, मग जोरजोराने मान हलवून दोन्ही हात असे एकमेकांपासून दूर नेले. एका क्षणात कळलं. तिनेच माझी बॅग उचलली आणि आम्ही दोघी फलाटावरून पुढच्या डब्याकडे पळालो. दार बंद व्हायला लागलं तेव्हा तिने बॅग आत फेकली आणि मला ढकललं. तिचं नाव विचारायलाही वेळ मिळाला नाही. त्या रात्री मला कमलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सुचलं.

म्युनिकबद्दल फार सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. सर्दी झाली होती. एक दिवस आलं घातलेलं गरम पाणी पिऊन झोपले.

इन्सब्रुक मात्र मनात राहिलं. छोटं गाव, चारी बाजूंनी डोंगर इतके जवळ की रस्त्याच्या टोकाला भिंतीसारखे उभे. जुन्या पेठेत एक सज्जा आहे, त्याच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची दोन हजार सहाशे सत्तावन्न कौलं. सगळे तिथे फोटो काढतात, मीही काढला. पण खरं बघायचं ते दरबारी चर्चमध्ये. मॅक्सिमिलियन नावाचा सम्राट होता, १५१९ मध्ये वारला. त्याची भव्य कबर मधोमध, आणि दोन्ही बाजूंना माणसापेक्षा मोठे अठ्ठावीस काशाचे पुतळे. त्याचे नातेवाईक, पूर्वज, राजे, राण्या, सगळे शोक करत उभे. आणि कबर रिकामी! त्याला पुरलं दुसरीकडेच, व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाट गावात. मला वाटलं, इथे अख्खा गोतावळा जमला आहे आणि माणूसच नाही. महाराजांच्या बाबतीत उलट झालं. माणूस तिथे, गोतावळा हजारो मैलांवर कोल्हापुरात. आणि मला माझी ती बंद खोली आठवली. मी बाकावर बरीच वेळ बसले. चर्चमधल्या माणसाने बंद व्हायची वेळ झाल्याचं दोनदा सांगितलं.

इन्सब्रुकहून इटलीत जायला ब्रेनरचा घाट. रेल्वे तिथे १८६७ मध्ये आली, म्हणजे महाराज गेले तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. आपला बोरघाट १८६३ चा, त्याच्या जरा आधीचा. आणि खुद्द कोल्हापूरला रेल्वे पोचली १८९१ मध्ये. म्हणजे ज्या राजाच्या राजधानीत अजून गाडी नव्हती, तो आजारी अंगाने आल्प्समधून गाडीने निघाला होता. घाटमाथा सुमारे तेराशे सत्तर मीटरवर आहे. गाडी वळणं घेत हळूहळू चढते, खाली हिरवी कुरणं, लाकडी घरं, आणि ऑक्टोबरातच वरच्या कड्यांवर बर्फ. मी शाल घट्ट ओढून घेतली. विसाव्या वर्षी, ताप अंगात, आपली भाषा बोलणारी चार माणसं सोबत आणि बाहेर ही थंडी. रोजनिशीत मोठमोठ्या भेटीगाठी आहेत, पण हा प्रवास मला त्या खिडकीतून जास्त समजला.

बोलोन्याला गाडी बदलली. तिथून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत, पण जवळजवळ सगळा रस्ता बोगद्यातून. पैसे देऊन अंधार बघायचा.

फ्लॉरेन्सचं घुमटाचं चर्च, डेव्हिडचा पुतळा, उफिझी हे सगळं बघितलं. आधी आरक्षण करून जा, नाहीतर रांगेत दिवस जातो. त्याबद्दल पुस्तकं भरपूर आहेत, मीना प्रभूंचं 'रोमराज्य' वाचनालयातून आणून वाचा. मी दुसऱ्या वाटेने गेले.

स्टेशनाजवळून टी-वन नावाची ट्राम निघते. तिने काशिने नावाच्या बागेशी उतरायचं. बाग म्हणजे अर्नो नदीच्या काठाने साडेतीन किलोमीटर पसरलेली झाडी. मंगळवार होता, बागेत आठवड्याचा बाजार भरला होता. भाज्या, चपला, चादरी, पडदे, तीच घासाघीस, फक्त भाषा निराळी. म्हटलं, मंगळवार, बाप्पाचा वार, चांगलं आहे. बाजार संपला, मग झाडं, धावणारी मुलं, सायकली. पश्चिमेच्या अगदी टोकाशी, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते, तिथे छत्री दिसली.

आपल्याकडच्यासारखी छत्री! खांब, कमानी, वर घुमट. इटलीत! चार्ल्स मँट यांनी ती आखली, १८७४ मध्ये पुरी झाली. याच मँटसाहेबांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा, चार्ल्स फुलर नावाच्या शिल्पकाराचा. तो पांढरा नाही, रंगवलेला आहे. गव्हाळ चेहरा, डोक्याला पागोटं, अंगावर दागिने. चबुतऱ्यावर इटालियन, इंग्रजी, आणि देवनागरी अक्षरं. इतके दिवस डोळ्यांना परकी अक्षरं बघायची सवय झाली होती, त्यामुळे ती देवनागरी बघून मला हुंदका आला. चेहरा फार तरुण आहे हो. माझ्या नातवाएवढा.

त्या रात्री १८७० मध्ये इथे चिता रचली होती. इटलीत तेव्हा दहनाची चाल नव्हती. शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि दोन नद्यांचा संगम बघून ही जागा निवडली. संगम हवा, ही अट परक्या मुलखातही त्या चार माणसांनी सोडली नाही. फ्लॉरेन्सचे लोक रात्री बघायला जमले होते.

आता त्या जागेवरून एक मोठा मोटारींचा पूल जातो, १९७८ चा. त्याचं नाव 'पोंते आल्लिंदियानो', भारतीयाचा पूल. सगळा भागच 'इंदियानो' म्हणून ओळखला जातो. कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी साडी बघितली, मग पुतळा बघितला, मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "इंदियाना?" मी मान हलवली. त्यांनी टोपी काढली. मला नाही, पुतळ्याला की दोघांना, ते मला कळलं नाही.

मग मी संगमाच्या कडेला गेले. पाणी संथ, मातकट, महानदीचं उन्हाळ्यात असतं तसं. तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, आपल्या तेलीबांध्याला स्टेशन होतं. धमतरीची छोटी गाडी, १९०० सालापासूनची. अभनपूरला तिचा एक फाटा राजिमला जायचा. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा हे मला पहिल्यांदा त्याच गाडीने राजिमला घेऊन गेले होते. महानदी, पैरी आणि सोंढूर, तीन नद्यांचा संगम, मध्ये कुलेश्वर महादेव. पुढे त्याच पाण्यात त्यांना नेलं आणि मी तिथे नव्हते. २०१७ मध्ये रायपूर-तेलीबांधा हा तुकडा बंद झाला, रूळ निघाले, आणि आता तिथून एक्स्प्रेस-वे जातो. रोज त्यावरून जाताना मी खाली बघते. का, ते सांगता येत नाही.

अर्नोच्या काठावर मी ते जुनं वेळापत्रक पिशवीतून काढलं. पाण्यात वगैरे सोडलं नाही. यांना पुस्तक भिजवलेलं चाललं नसतं. नुसतं हातात धरलं आणि मोठ्याने स्टेशनं म्हटली. रायपूर, तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, राजिम. मागून एक मुलगी धावत गेली, तिला वाटलं असेल म्हातारी मंत्र म्हणतेय. तीन वर्षं जे करायचं राहिलं होतं, ते झालं. तीन तास बसले होते तिथे. कुणी शिट्टी वाजवून "चला चला, बसमध्ये बसा" म्हटलं नाही.

पाचवा प्रवासाचा दिवस रोमचा, आणि तिथून परत. रोम बघितलं, छान आहे, पण खरं सांगायचं तर माझा प्रवास काशिनेच्या टोकालाच संपला होता.

मार्च २०२५ मध्ये रायपूर ते अभनपूर मोठ्या रुळांची नवी गाडी सुरू झाली. ती मंदिर हसौदकडून जाते, तेलीबांध्याला येत नाही. मे महिन्यात मी तिने अभनपूरपर्यंत गेले आणि पुढे बसने राजिमला. कमला म्हणाली, "अकेल्ला जाहू का?" मी म्हटलं, "तू पण चल." ती आली. डबा रिकामा होता, तिने खिडकी धरली.

फोटो आणि ते वेळापत्रक मागच्या टेबलावर ठेवलं आहे. वेळापत्रकाची पानं जुनी आहेत, जरा जपून उलटा. पेन्सिलीचं लिहिलेलं पुसू नका. ज्यांना पासाबद्दल आणि व्हिसाबद्दल विचारायचं आहे, त्यांनी आरती झाल्यावर भेटा. आता आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया.